फौजी माणसाची ट्रंक कशी उघडावी

बांची ट्रंक आम्ही ऐन श्रावणात उघडली आणि पहिली चूक तिथंच झाली.

बा म्हणजे माझे सासरे. नेपाळमधल्या स्याङ्जा जिल्ह्याच्या डोंगरातून 1957 साली खाली उतरले, गोरखपूरच्या कुनराघाट भरती डेपोत उभे राहिले आणि 1985 साली 1 गोरखा रायफल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मुलाची नोकरी पुण्यात, म्हणून तेही पुण्याला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर पलंगाखाली ही काळी पत्र्याची ट्रंक राहिली. मी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये 26 वर्षं काढली आहेत. सातबारा आणि फेरफारांचे गठ्ठे हाताळण्यात जन्म गेला. तरी घरातली ट्रंक दिसल्यावर मलाही धीर निघाला नाही.

श्रावणातल्या हवेत ओल असते. कित्येक वर्षं बंद राहिलेले कागद ती ओल लगेच पितात. शाई फुटते, एकमेकांना चिकटलेले फोटो आणखी घट्ट बसतात. म्हणून दिवाळी झाली की कामाला लागा आणि होळीच्या आत संपवा. मग ती ट्रंक आमच्यासारखी गोरखा सैनिकाची असो, नाहीतर साताऱ्याच्या अपशिंग्यातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या आजोबांची. पलटणी वेगळ्या असल्या तरी सैन्याचे कागद बरेचसे सारखेच असतात.

झाकण उघडलं की हात आत घालू नका. आधी मोबाइलनं फोटो काढा. वरचा थर दिसेल असा एक, मग एकेक गठ्ठा उचलाल तसतसा त्याखालच्या थराचा. हे सांगायचं कारण असं की माणूस कागद कसे ठेवतो, तेही त्या कागदांइतकंच बोलतं. बांच्या ट्रंकेत सगळ्यात वर पेन्शनचे कागद होते, कारण ते लागायचे. सगळ्यात तळाशी बुटाच्या नाडीनं बांधलेला एक गठ्ठा होता. तो जड होता म्हणून तळाशी गेला असं मला आधी वाटलं. त्याच्याविषयी पुढं सांगते. आपण हौसेनं सगळं जमिनीवर पसरतो, पत्रं एकीकडं, फोटो दुसरीकडं असे ढीग घालतो, आणि त्या माणसानं हातानं लावलेली रचना अर्ध्या तासात मोडून टाकतो. पेशवे दफ्तराचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात अजून रुमालांत बांधलेले आहेत. कुठला कागद कुठल्या रुमालातला, हे कळलं की अर्धं काम होतं. तुमच्या घरातला गठ्ठा हाही एक रुमालच आहे. तो सोडवा, वाचा, आणि होता त्याच क्रमानं परत लावा.

एक मोठी वही घ्या. प्रत्येक कागदाला एक नंबर द्या. तो कागदाच्या मागं, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. पेन नको, स्टिकर तर मुळीच नको. वहीत नंबर, कसला कागद, त्यावरची तारीख, भाषा आणि कुठल्या गठ्ठ्यातला, एवढं लिहिलं तरी पुरे.

कामाचे कागद मात्र पहिल्याच दिवशी वेगळे काढा. डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर म्हणजे पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, आणि लग्नाची नि मुलांची नोंद ज्यात झाली त्या पार्ट-टू ऑर्डरच्या प्रती. घरात फौजीची पत्नी हयात असेल तर तिची फॅमिली पेन्शन या कागदांवर चालते. आमांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं नाव पार्ट-टू ऑर्डरमध्ये एका स्पेलिंगनं होतं आणि नेपाळच्या नागरिकतेच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या. एका कार्यालयानं तेवढ्यावरून अर्ज 2 वेळा परत पाठवला. 80 च्या घरातल्या बाईला त्यासाठी जिने चढावे लागले, याचा मला आजही राग येतो. ज्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, हे अशा कागदांत सर्रास होतं. म्हणून नावांची सगळी स्पेलिंगं, कुठल्या कागदावर कुठलं, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढं प्रतिज्ञापत्र करायची वेळ आली तर ते पान कामाला येतं.

आमच्यासारख्या घरांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. परदेशातून आलेल्या माणसाच्या सामानात आपण पासपोर्ट शोधतो, व्हिसा शोधतो. बांच्या ट्रंकेत तसलं काहीच नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळं दोन्ही देशांच्या माणसांना एकमेकांकडं राहायला, काम करायला मोकळीक आहे. तेव्हा ते भारतात आले कधी, राहिले कुठं, हे सांगणारे एकमेव कागद फौजेचे. आणि फौजेत तरी ते कसे, तर 1947 मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात ठरलं की गोरख्यांच्या 10 रेजिमेंटांपैकी 6 भारताकडं राहतील आणि 4 ब्रिटनकडं जातील. 1 गोरखा रायफल्स भारताकडं राहिली. पुढच्या पिढ्याही या वाटेनं आल्या. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि नेपाळमधून होणारी ही भरती थांबली. बांच्या गावात फौजेत गेलेल्या माणसाला लाहुरे म्हणतात. पूर्वी रणजितसिंगांच्या चाकरीसाठी लोक लाहोरला जायचे, त्यावरून पडलेला शब्द. लाहुरेची ट्रंक आता नव्यानं भरायची नाही, म्हणून आहे ती नीट ठेवायची.

आता नंबरांविषयी. फौजेत नावापेक्षा नंबर खरा. बांच्या ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात एक नंबर होता आणि त्याच्याखाली खरवडलेला दुसरा. आतल्या कागदांवरही 2 वेगवेगळे नंबर. आठवडाभर मी समजत होते की कुणा दोस्ताचे कागद यात मिसळले आहेत, आणि त्यांची वेगळी थप्पीसुद्धा लावली होती. मग लक्षात आलं की दुसऱ्या नंबराची सुरुवात जेसी या अक्षरांनी होते. शिपाई, नाईक, हवालदार असेपर्यंत एक नंबर असतो. नायब सुभेदार झाला की माणूस ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर होतो आणि त्याला जेसीनं सुरू होणारा नवा नंबर मिळतो. दोन्ही थप्प्या एकाच माणसाच्या होत्या. जुना नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं खरवडला असणार, कारण खरवडल्याच्या रेघा सरळ आहेत, पट्टी धरून ओढल्यासारख्या. नंबर नक्की झाला की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसानं अर्ज करता येतो. 1 आणि 4 गोरखा रायफल्सचं केंद्र हिमाचलात सबाथूला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

तारखा हे दुसरं अवघड प्रकरण. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळं बांची पत्रं मला पहिल्या दिवसापासून वाचता येत होती. अर्थ लागायला मात्र आमा शेजारी बसायला लागायच्या. तारीख वाचून तर मी पुरती फसले. एका पत्रावर लिहिलं होतं, मंसिर 25, 2018. हा विक्रम संवत. आपल्या पंचांगातला विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, नेपाळचा मात्र वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. त्यांचे महिने सौर आहेत, तेव्हा आपली तिथी लावूनही उपयोग नाही. वैशाखापासून पुस अर्धा होईपर्यंत 57 वजा करा, तिथून चैताच्या अखेरीपर्यंत 56. शकात 78 मिळवायची आपल्याला सवय असते, तसंच हे. मंसिर नोव्हेंबरच्या मध्याला लागतो. म्हणजे ते पत्र 1961 च्या डिसेंबरचं, दुसऱ्या आठवड्याच्या आसपासचं.

ही तारीख लागली आणि मी वही मिटून गप्प बसले. 1961 च्या डिसेंबरात 1 गोरखा रायफल्सची तिसरी पलटण काँगोत होती, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत. 5 डिसेंबरला एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाच्या रस्त्यावर याच पलटणीचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया लढता लढता गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. बा त्याच पलटणीत होते. त्यांनी आईला त्याच आठवड्यात लिहिलेल्या पत्रात काय आहे? इथं रोज पाऊस पडतो. जेवण बरं आहे. म्हैस व्याली का ते कळवा. धाकट्याला शाळेतून काढू नका. लढाईचा एक शब्द नाही.

पाकिटही फेकू नका, हे यासाठीच सांगते. या पत्राच्या पाकिटावर भारताचा नकाशा असलेलं आपलं नेहमीचं तिकीट होतं आणि त्यावर काळ्या शाईत जादा छापलेले शब्द, यू. एन. फोर्स, इंडिया, काँगो. ती तिकिटं 1962 ची. पत्र डिसेंबरचं आणि तिकीट पुढच्या वर्षाचं कसं? बांनी पत्र लिहून ठेवलं होतं आणि पोस्टात टाकलं नव्हतं. टाकलं ते सगळं शांत झाल्यावर. पत्र आणि पाकीट वेगवेगळ्या ढिगांत गेलं असतं तर हे मला कधीच कळलं नसतं. पत्र पाकिटातून काढून सपाट ठेवायचं, पण पाकीट त्याला लागूनच, एकाच नंबराखाली, क आणि ख करून.

मेडलांकडं दागिना म्हणून पाहू नका, कागद म्हणून वाचा. कडेला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. भिंग लावून ते वाचून घ्या. ब्रासोनं घासायला तर मुळीच घेऊ नका, दोन-चार वेळा घासलं की ही अक्षरंच झिजतात. मग मेडल काय म्हणतं ते बघा. 1965 चं रक्षा मेडल त्या वेळी नोकरीत असलेल्या बहुतेकांना मिळालं. समर सेवा स्टार मात्र लढाईच्या मुलखात असलेल्यांना. 1971 चं संग्राम मेडलही सरसकट, पण पूर्वी स्टार पूर्वेकडच्या आघाडीचा आणि पश्चिमी स्टार पश्चिमेकडचा. आमच्या घरात कायम सांगितलं जायचं की बा बांगलादेशच्या लढाईत होते. माझ्या नवऱ्यानं शाळेतल्या निबंधातसुद्धा तसंच लिहिलं होतं. ट्रंकेत निघाला पश्चिमी स्टार. बांनी स्वतः कधी बांगलादेश म्हटलं नव्हतं, आम्हीच म्हणत होतो. त्यांनी आम्हाला दुरुस्तही केलं नाही. 9 वर्षांचं आणि 20 वर्षांचं, अशी दीर्घ सेवेची 2 मेडलं होती, आणि संयुक्त राष्ट्रांचं एक. हे शेवटचं त्यांनी रुमालात वेगळं गुंडाळलं होतं.

कागदाची डागडुजी करताना हात आखडता घ्या. न केल्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त केल्यानं होतं. बांचं लष्करी शिक्षणाचं एक प्रमाणपत्र मीच 20 वर्षांपूर्वी कौतुकानं लॅमिनेट करून आणलं होतं. आज ते पिवळं पडलं आहे, कडेनं बुडबुडे आलेत, आणि ते प्लास्टिक आता निघत नाही. लॅमिनेशन नको. सेलोटेप नको, तिचा गोंद कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. डांबराच्या गोळ्याही कागदांत टाकू नका.

गंजलेली टाचणी ओढून काढायची नसते. कागद टेबलावर सपाट ठेवा. टाचणीच्या खाली, कागद आणि लोखंड यांच्या मध्ये, पारदर्शक पॉलिस्टर शीटची बोटभर पट्टी हळूच सरकवा. वरूनही तशीच एक. गंज कागदाला धरून बसलेला असतो, तो या पट्टीच्या मागंपुढं सरकण्यानं सुटतो. सुटला की करकर असा अगदी बारीक आवाज येतो. मग टाचणीचं टोक बोथट सुरीनं उचला आणि आली तशीच मागं काढा. एका टाचणीला 10 मिनिटं लागली तरी लागू द्या. राहिलेला गंज मऊ ब्रशनं बाहेरच्या बाजूला झाडा. त्याच जागी नवी टाचणी टोचू नका. सुटे कागद आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा. तो मिळेपर्यंत कोरा पांढरा सुती कागद चालेल, वर्तमानपत्र नाही.

घड्या उलगडताना कडक झालेली घडी एका दमात सरळ करू नका. दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक, आणि रोज थोडी थोडी. कसर दिसली, म्हणजे ती चंदेरी, चपळ कीड, तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा आणि ट्रंक रिकामी करून कोरड्या फडक्यानं पुसा. वाळवीची माती दिसली तर घरात दुसरीकडं कुठं लागली आहे ते आधी शोधा.

फोटो कडेला धरायचे. बोटांचा घाम फोटोवर वर्षानुवर्षं दिसत राहतो. काळ्या कागदाच्या जुन्या अल्बमला चिकटलेले फोटो उपटू नका, पान आहे तसंच स्कॅन करा. पलटणीच्या ग्रुप फोटोत माणसं ओळखायची असतील तर वाट बघू नका, जो कुणी जिवंत आहे त्याच्याकडं आजच्या आज जा. फोटोचा मोठा प्रिंट काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येकाच्या डोक्याभोवती गोल काढा, गोलात आकडा घाला आणि नावं वहीत लिहा. आमांनी 43 जणांतले 6 ओळखले. त्यातल्या 4 जणांची खरी नावं त्यांना माहीत नव्हती, जेठा, माइला, साइला, कान्छा अशी थोरल्या-धाकट्याची हाकेची नावंच ठाऊक. तीही लिहून घेतली.

स्कॅन कागदाला 300 डीपीआय, फोटोला 600. स्कॅनर नसेल तर खिडकीशी, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलनं काढा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तुमचा वहीतला नंबर. 3 प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची एक प्रत नेपाळमध्ये पोखऱ्याला नणंदेकडं आहे. आर्मी नंबर, पेन्शनचे तपशील असलेली पानं मात्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

कागद परत ठेवायला मांजरपाट आणा. 3-4 वेळा धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, कडक उन्हात वाळवा, आणि त्यात गठ्ठे बांधा. पोथ्यांना वापरतात तो लाल खारवा दिसायला छान दिसतो, पण ओल लागली की रंग सोडतो. ट्रंक वापरायची तर विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पत्र्याला रात्री घाम येतो. वर्षातून एकदा, दसऱ्यानंतर, उघडून बघायची. घरात पुढं कुणी सांभाळणारं नसेल तर रेजिमेंटच्या केंद्राला विचारा. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्येही लष्करी इतिहासाचं काम चालतं. देताना यादी करून, सही-शिक्क्याची पोच घेऊनच द्या.

आता तो तळाचा, बुटाच्या नाडीचा गठ्ठा. त्यात होते रजेचे दाखले आणि मनिऑर्डरच्या पावत्या. असले कागद लोक पहिल्यांदा रद्दीत घालतात. मेडल ठेवतात, हे टाकतात. मी सांगेन की एक वेळ मेडल हरवलं तरी चालेल, हे टाकू नका. 21 दाखले निघाले. मी दाखल्यांवरचे दिवस मिळवले, ते भरले 1,190. 28 वर्षांच्या नोकरीत, सापडलेल्या दाखल्यांपुरते, घरासाठी एवढे दिवस. त्यातूनही वाट वजा करायची. सीमेवरच्या सुनौलीहून पोखऱ्याला जाणारा रस्ता होण्याआधी बुटवलपासून पुढं 4 दिवस पायी, आणि परततानाही तेवढेच. दाखल्यावरच्या तारखेला हजर व्हायचं म्हणजे गावातून तेवढं आधी निघायचं. एका दाखल्यावर, 1966 च्या, मागच्या बाजूला पेन्सिलीनं उभ्या रेघा आहेत. 5-5 चे गट, आडव्या रेघेनं बांधलेले. घरी राहिलेले दिवस ते मोजत होते. 47 रेघा आहेत.

मनिऑर्डरच्या पावत्या वर्षांप्रमाणं लावल्या तेव्हा 1962 च्या सुरुवातीला एक रक्कम बाकीच्यांच्या तिप्पट दिसली. मी आमांना वाचून दाखवली. त्यांनी पावती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. वाचता त्यांना येत नाही. म्हणाल्या, म्हैस व्याली नव्हती, मेली होती. सासूनं त्यांना हे कळवू दिलं नव्हतं, पोरगा लढाईवर आहे म्हणून. पण गावातला कुणीतरी दुसऱ्या पलटणीत होता, त्याच्याकडून बांना कळलं, आणि न विचारता पैसे आले.

वहीत तो 214 नंबर आहे. कसला कागद या रकान्यात मी आधी मनिऑर्डर पावती एवढंच लिहिलं होतं. आमांनी मला त्यापुढं म्हशीचे पैसे असं लिहायला लावलं, आणि नीट लिहिलं का ते दोनदा विचारलं.